डाँकी काँग ज्युनियर (गेम अँड वॉच)

निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘गेम अँड वॉच’ या खेळ-अधिक-घड्याळ मालिकेत १९८२ साली बाजारात आणलेला खिशात मावणारा व्हिडिओगेम. नायक गोरिलाचे पिल्लू. त्याचा बाप पिंजऱ्यात आहे आणि त्याला कोंडणारा आहे चक्क मारिओ. पुढे कंपनीचे दैवत झालेला हा मिशाळ गडी खलनायक म्हणून फार क्वचित दिसला. त्याच वर्षीच्या, याच नावाच्या आर्केड गेमवर (नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरच्या खेळावर) हा खेळ बेतलेला आहे.

पिल्लाने मगरीसारख्या दातेरी प्राण्यांना आणि पक्ष्यांना चुकवत खालून वर वेली धरून चढायचे आणि झुलणारी किल्ली उडी मारून पकडायची. एका किल्लीने पिंजऱ्याचा एकच भाग उघडतो, म्हणून हीच चढाई चारदा करावी लागते. वाटेत फळ पाडून खालच्या शत्रूला टिपता येते. तीन चुका झाल्या की डाव संपला. दोरीच्या मल्लखांबाप्रमाणे इथेही घाई करणाराच आधी खाली येतो.

खरी गंमत यंत्रात आहे. पडद्यावर चित्र रेखाटले जात नाही. पिल्लाची प्रत्येक पोझ काचेत आधीच ठरलेल्या जागी असते आणि चिप त्यातली एकेक उमटवते व पुसते. त्यामुळे हालचाल टक-टक अशी तुटक होते, आणि खेळाची सगळी लयही त्यातूनच येते. रंगीत पार्श्वभूमी नुसती छापलेली असते. ‘गेम अँड वॉच’ मालिकेचे जनक गुनपेई योकोई यांनी कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेले एलसीडी तंत्र १९८०मध्ये खेळण्यात वापरले. अधिकच्या चिन्हासारखे दिशा-बटणही त्यांचेच. ते १९८२च्या दोन पडद्यांच्या ‘डाँकी काँग’वर प्रथम आले आणि या गेमवरही आहे. खेळ बंद असताना घड्याळ चालूच राहते. आजच्या कन्सोलना एवढा काटकसरीपणा जमत नाही.

कोल्हापुरात अस्सल निन्टेंडो तुरळकच. आला तर परदेशातून सुट्टीवर आलेल्या एखाद्या काकांच्या बॅगेतून. नव्वदच्या दशकात पोरांच्या हाती पडला तो ठोकळ्यांचा ‘ब्रिक गेम’. त्यात गाड्या, साप, टेट्रिससारखे ठोकळे सगळे होते, पण जीव लावावा असा प्राणी नव्हता. तो खेळ नादखुळा होता, हे मात्र मान्य करावे लागेल.

जुना नग आज घ्यायचा असेल तर किमतीआधी सेलचा कप्पा उघडून पाहावा. आत विसरलेले बटण-सेल गळतात आणि पत्र्यावर हिरवट थर चढतो. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात तो आणखी पसरतो. चित्राचे तुकडे गायब दिसले तर काच गेली असे लगेच समजू नये. बऱ्याचदा काच आणि सर्किट जोडणारी रबरी पट्टी साफ केली की पिल्लू पुन्हा चढू लागते. पडद्यावर काळे डाग किंवा ओघळ असतील, तर मात्र व्यवहार सोडून द्यावा.