क्लच वायर थंडीनं नाही, पाण्यानं जाम होते

ग्वाल्हेरात डिसेंबर लागला की लष्कर नावाच्या भागातल्या गॅरेजांमधे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ठंड से तार सिकुड़ गया है भैया". हिवाळ्यात बाईक घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलेली आपली मराठी पोरंपण तेच सांगतात, कारण तिथल्या काझा गावात सकाळी त्यांचा क्लच दाबलाच गेलेला नसतो. वायर थंडीत आकसते हे खरं, पण किती ते बघा. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन आकसतं, म्हणजे इथल्या २० अंशांवरून तिकडच्या उणे २० वर गेलात तरी मीटरभर वायर अर्धा मिलिमीटरपण आकसत नाही, आणि वायरीवरचं आवरण, म्हणजे आउटर, तोही पोलादाच्या गुंडाळीचाच, तोपण जवळपास तेवढाच आकसतो. वायर धरून ठेवतं ते आत गोठलेलं पाणी, आणि पुष्कळदा ते पाणी ग्वाल्हेरातच शिरलेलं असतं.

ते कसं शिरतं हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. मुरैन्याकडच्या बेहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, दिवसभर गाडी फिरवली, चिखलानं माखली, की आपण तशीच गरम गाडी वॉशिंगवाल्याकडे नेतो. समजा इंजिनाजवळून जाणारी केबल ६० अंशांवर आहे आणि तिच्यावर १५ अंशांचं पाणी पडलं. शाळेतला चार्ल्सचा नियम आठवा, फक्त तापमान केल्विनमधे घ्यायचं: ३३३ वरून २८८, म्हणजे आतली हवा सुमारे १३ टक्के आकुंचन पावणार. वरचं टोक रबरी बुटात (टोपणात) झाकलेलं, खालचं टोक पाण्यात भिजलेलं, मग केबल ड्रॉपरसारखी पाणी ओढून घेते. १३ टक्के दाब कमी झाला तर मीटरभर उंच पाणी सहज चढू शकतं. इनर (आतली वायर) आणि आउटरमधली पोकळी मीटरभर केबलीत साधारण अडीच मिलिलिटर धरली तर आत येणारं पाणी ०.३ मिलिलिटर, पाचसहा थेंब. ऐकायला काहीच नाही, पण त्या अरुंद फटीत तेवढंच पाणी १२-१३ सेंटीमीटर लांब पसरतं!

बरं, केबल काढून उभी टांगली तरी ते सगळं गळत नाही, कारण पृष्ठताण. पाऊण मिलिमीटरच्या फटीत पाणी दोन सेंटीमीटर धरलं जातं, ०.१ मिलिमीटरच्या फटीत १५ सेंटीमीटर, आणि इनरच्या पिळलेल्या तारांमधल्या फटी त्याहून बारीक असतात. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं खरं, पण केबलीत त्याला लांबीच्या दिशेनं सरकायला जागा असते, म्हणून आउटर फुटत नाही. बर्फ पिळाच्या खाचांमधे आणि आउटरला दोन्हीकडे चिकटतो आणि वायर जागच्या जागी पकडतो.

म्हणून निघायच्या आधी घरीच काम करायचं. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच धुवायची आणि प्रेशरचा फवारा केबलीच्या टोकांवर मारायचा नाही. मग केबल दोन्हीकडून सोडून पंक्चरवाल्याच्या हवेनं फुंकायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं (ते पाण्यात मिसळतं आणि उणे ८९ ला गोठतं, पण पेट घेतं, जवळ विडी-काडी नको), परत फुंकायची, आणि खालून निथळेपर्यंत पातळ तेल सोडायचं. जाड ग्रीस कुठल्याच केबलीत भरू नका, उणे २० ला एक्सिलेटरच्या केबलीत तेच चिकट होऊन एक्सिलेटर परत यायला वेळ लावतं आणि ते क्लच जाम होण्यापेक्षा फार धोक्याचं आहे. आउटरला आतून टेफ्लॉन असेल तर कंपनी काय सांगते ते आधी बघा, काही केबलींत तेल घालायचंच नसतं. फाटलेला रबरी बूट तेवढा बदला. हँडलला लिंबू-मिरची बांधून किंवा "उणे ५० गॅरंटी" लिहिलेली महागडी ट्यूब आणून आतलं पाणी जात नाही, ते काढावंच लागतं.

आणि तिकडे जाम झालीच तर लिव्हर जोरात ओढू नका, निपलपाशी (वायरीच्या टोकाच्या गोळीपाशी) तारा तुटतात. उकळतं पाणीपण ओतू नका, तेच आत जाऊन पुन्हा गोठतं. गरम पाण्याची रबरी पिशवी केबलीच्या सगळ्यात खालच्या वळणावर धरा, पाणी तिथंच साठलेलं असतं. जीपवाल्यांनी रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमधे ठेवून चाकांना दगड लावावेत, कारण ती केबल गाडीच्या पोटाखालून जाते आणि दिवसभर चिखल-बर्फ खात असते.