क्रॉप बॉडीवर ४०० ची लेन्स खरंच ६०० होते का?

टेलिफोटो झूम घ्यायची म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) घे, १००-४०० एमएमची झूम लावलीस की ४०० गुणिले १.५, म्हणजे फुकटात ६०० एमएम मिळतं. नाही मिळत हो! लेन्स ४०० चीच राहते, सेन्सर लहान असल्यामुळे चित्राच्या कडा फक्त कापल्या जातात, म्हणून पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसतो आणि आपल्याला वाटतं जवळ आला.

खरा प्रश्न आहे पक्ष्यावर किती पिक्सेल पडले. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा) फोटो १.५ ने क्रॉप केला तर जेमतेम साडेदहा उरतात, तिथे २४ ची क्रॉप बॉडी नक्कीच सरस. पण निकॉनच्या फुल फ्रेम डी८५० चा ४५ मेगापिक्सेलचा फोटो तसाच कापला तरी १९ च्या आसपास राहतात आणि क्रॉप सेन्सरवाल्या डी५०० चे २०.९, म्हणजे डोळ्याजवळची पिसं दोन्हीत जवळपास सारखीच दिसणार, मग कुठे गेले ते जादाचे २०० एमएम?

म्हणून लेन्स निवडताना गुणाकार सोडा, ४०० च्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) ती किती शार्प आहे तेवढं आधी बघा.