खांद्याचा पट्टा बांधायचा कशाला?

१९६०च्या दशकात बनलेल्या एखाद्या चार आसनी खासगी विमानात पुढच्या सीटवर बसा. कमरेचा पट्टा घट्ट ओढून घ्या आणि सावकाश पुढे वाका. बहुतेकांचं कपाळ थेट इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या कडेवर येऊन टेकतं आणि छाती कंट्रोल व्हीलवर. आता सरळ बसा आणि मागे, वर, बाजूला नजर फिरवा. खांद्यावरून येणारा पट्टा अडकवता येईल अशी पक्की जागा दिसते का? दिसतं ते आतलं अस्तर, पातळ पत्रा आणि खिडकीचं प्लॅस्टिक.

‘खांद्याचा पट्टा बांधायचा कशाला?’ या प्रश्नाचे मराठीत दोन अर्थ होतात, आणि छोट्या विमानांच्या इतिहासात तो दोन्ही अर्थांनी विचारला गेला. आधी कित्येक वर्षं त्याचा अर्थ होता, ‘गरजच काय?’ गरज पटली तेव्हा दुसरा अर्थ समोर उभा राहिला: विमानाच्या नेमक्या कोणत्या भागाला? आजही जुन्या विमानाचा मालक शोल्डर हार्नेस, म्हणजे खांद्याचा पट्टा, निवडायला बसतो तेव्हा त्याला या दुसऱ्या प्रश्नाशी झुंजावं लागतं. पट्ट्याचा रंग, बकल, किंमत हे सगळं त्यानंतरचं.

सुरुवातीला पट्ट्याचं काम वेगळंच होतं. १९१० साली टेक्ससमध्ये फोर्ट सॅम ह्यूस्टनला लेफ्टनंट बेंजामिन फुलॉइस राइट बंधूंच्या विमानावर स्वतःच्या हिमतीवर उडायला शिकत होते. वाऱ्याच्या धक्क्यांनी ते सीटवरून उडून पडायच्या बेतात येत. शेवटी त्यांनी घोडदळाच्या खोगीर बनवणाऱ्यांकडून चामड्याचा पट्टा घेतला आणि स्वतःला बांधून घेतलं. दोन वर्षांनी, १ जुलै १९१२ रोजी, बॉस्टनजवळ वैमानिक हॅरिएट क्विम्बी आणि त्यांचे प्रवासी विल्यम विलर्ड हे दोघे विमानातून फेकले जाऊन खाली पडले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. विमानातून बाहेर पडू नये, एवढीच तेव्हा पट्ट्याकडून अपेक्षा होती. १९१३ साली फ्रान्समध्ये आदोल्फ पेगू यांनी विमान उलटं करून उडवलं, तेही पट्ट्यांनी जखडून घेऊनच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांकडे ‘सटन हार्नेस’ आला. त्यात दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून येत आणि चारही एका पिनेत अडकत. म्हणजे खांद्याचा पट्टा ही मुळीच नवी कल्पना नव्हती. मात्र तो लढाऊ आणि कसरतींच्या विमानांचा मानला गेला. साध्या उड्डाणाला कमरेचा पुरे, ही समजूत रुजली ती रुजलीच.

ही समजूत ज्यांनी मुळापासून तपासली त्या ह्यू डीहेवन यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ते अमेरिकी होते, पण पहिल्या महायुद्धात कॅनडात रॉयल फ्लाइंग कोर या ब्रिटिश लष्करी विमानदलात दाखल झाले होते. १९१७ साली सरावादरम्यान त्यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेत टक्कर झाली. ते वाचले, पण यकृत, स्वादुपिंड आणि पित्ताशयाला गंभीर इजा झाली. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, की डोकं शाबूत राहिलं आणि पोटच का फाटलं? त्यांना उत्तर सापडलं ते पट्ट्याच्या टोकदार बकलमध्ये. ज्याने धरून ठेवलं त्यानेच जखम केली होती. वाचणं हा केवळ नशिबाचा भाग नसतो, कॉकपिटच्या रचनेवरही ते ठरतं, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली.

पुढे १९४२ मध्ये त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जगलेल्या आठ माणसांचा अभ्यास त्यात होता. त्यातली एक व्यक्ती १४४ फुटांवरून, म्हणजे जवळपास ४४ मीटरवरून, धातूच्या पत्र्याच्या व्हेंटिलेटरवर पडली. पत्रा फूट-दीड फूट आत चेपला आणि ती व्यक्ती जगली. थांबायला फूट-दीड फूट मिळाला, म्हणून जगली. याच सुमारास डीहेवन यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अपघातांतल्या इजांवर संशोधन सुरू केलं आणि छोट्या विमानांचे अपघात एकेक करून तपासले. नाजूक माल पाठवताना आपण जे करतो तेच माणसाच्या बाबतीत करा, हा त्यांचा आग्रह होता. पेटी फुटता कामा नये, आतला माल हलता कामा नये आणि पेटीच्या भिंतींना टोकं असता कामा नयेत. कमरेचा पट्टा माल अर्धाच बांधतो. कंबर जागेवर राहते आणि वरचं अर्धं अंग बिजागरीवरच्या दारासारखं पुढे आपटतं.

माणसाचं शरीर मुळात किती झटका सोसू शकतं, याचं उत्तर अमेरिकी हवाई दलाच्या जॉन पॉल स्टॅप या डॉक्टरांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून दिलं. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर रॉकेट लावलेल्या गाडीवरून ते ताशी १,०१७ किलोमीटर वेगाने सुटले आणि १.४ सेकंदात थांबले. कमाल झटका ४६.२ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट, इतका होता. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते बरे झाले आणि १९९९ पर्यंत जगले. त्या काळी छोट्या विमानांच्या केबिनसाठी पुढच्या दिशेने ९ जी हा आकडा धरला जात होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं, आधी हार मानतं ते शरीर नव्हे, त्याला धरणारी रचना.

हे सगळ्यात आधी मनावर घेतलं ते पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांनी. फ्रेड वाइक यांनी टेक्ससमध्ये १९५० साली ‘एजी-१’ हे विमान तयार केलं. वैमानिक उंचावर आणि मागे, त्याच्या पुढे औषधाची टाकी, त्याही पुढे इंजिन, अशी त्याची मांडणी होती. जमिनीवर आदळताना पुढचा भाग आधी चेपावा आणि वैमानिक खांद्याच्या पट्ट्यांनी जागेवर राहावा, असा तो विचार. वाइक यांचं पुढचं काम, १९५९चं पायपर पॉनी, याच धर्तीचं होतं. ज्यांना रोज झाडांच्या आणि तारांच्या उंचीवर उडायचं होतं, त्यांना पट्ट्याची गरज पटवून सांगावी लागली नाही.

घरच्यांना घेऊन सुट्टीला निघणाऱ्या मालकाच्या विमानात मात्र कमरेचाच पट्टा राहिला. केबिन मोटारीसारखी दिसावी, खरेदीदाराच्या मनात अपघाताचा विचारही येऊ नये, ही त्या काळच्या विक्रीची रीत होती आणि माझ्या मते तिने बरीच वर्षं वाया घालवली. १९६२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी संशोधकांनी फक्त कमरेच्या पट्ट्याने बांधलेल्या माणसाचं डोकं आणि हात कुठवर जातात याची मोजमापं प्रसिद्ध केली. त्या टप्प्यात पॅनेलचा जवळपास प्रत्येक नॉब येत होता. दरम्यान मोटारी पुढे निघून गेल्या. साबमध्ये इजेक्शन सीटवर काम केलेले नील्स बोलिन व्होल्वोत गेले आणि १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा गाड्यांत आला. त्याआधी, १९५५ मध्ये, रॉजर ग्रिझवॉल्ड आणि डीहेवन यांना कंबर-खांदा जोडपट्ट्याचं पेटंट मिळालेलं होतं. विमानांवर काम करणाऱ्यांची ही विद्या मोटारीत रुजली आणि छोट्या विमानाला तिची वाट पाहावी लागली.

कायदा आला तो १९७०च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेच्या नियमानुसार १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या प्रत्येक सीटला मान्यताप्राप्त शोल्डर हार्नेस हवा. १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्या, वैमानिक सोडून नऊपर्यंत आसनं असलेल्या विमानांत तो मागच्या सीटनाही लागू झाला. १९८८ मध्ये नव्या रचनेच्या सीटसाठी प्रत्यक्ष धक्का देऊन करायची चाचणी आली. पुढच्या रांगेला त्यात २६ जी सोसावे लागतात. पण हे सगळं नव्या विमानांपुरतं होतं. छोटी विमानं चाळीस-पन्नास वर्षं सहज उडतात, आणि १९७८ आधीच्या विमानांवर पट्टा बसवण्याची सक्ती झाली नाही.

त्या न बसवलेल्या पट्ट्यांची किंमत १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मांडली. त्यांनी तपासलेल्या अपघातांत गंभीर जखमींपैकी ८८ टक्के लोकांच्या इजा खांद्याच्या पट्ट्याने बऱ्याच सौम्य झाल्या असत्या आणि मृतांपैकी २० टक्के वाचू शकले असते. २०११ मध्ये याच मंडळाने पुन्हा सांगितलं, की फक्त कमरेचा पट्टा बांधणाऱ्याला मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका दोन्ही पट्टे बांधणाऱ्यापेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी जास्त असतो.

इथून पुढे प्रश्नाचा दुसरा अर्थ सुरू होतो. जुना हिशेब असा: माणसाचं वजन १७० पौंड, म्हणजे ७७ किलो. गुणिले ९ जी केलं की सुमारे ६९४ किलोंचा भार होतो. त्यातला ६० टक्के कमरेच्या पट्ट्यावर आणि ४० टक्के खांद्याच्या पट्ट्यावर धरतात. खांद्याचा वाटा २७८ किलोंच्या आसपास येतो, आणि जोडणी कमी पडू नये म्हणून १.३३ने गुणला की ३७० किलोंच्या जवळ जातो. एवढं ओझं केबिनच्या मागच्या भागातल्या एका बोल्टवर टांगायचं आहे. दोन फ्रेममधल्या नुसत्या पत्र्याला ते झेपणार नाही.

वर पंख असलेल्या विमानात दाराच्या मागचा खांब किंवा छतातला पंखाचा आधार कामी येतो. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड, अशा पायपर कबसारख्या विमानात नळीला क्लॅम्प लावतात, तोही नळ्या एकत्र येतात त्या सांध्याजवळ, कारण मध्यावर ओढ आली की नळी वाकते. खाली पंख आणि वर मोठी काच असेल तर जवळपास काहीच सापडत नाही. मग शेपटीकडच्या फ्रेमला लांब केबल बांधावी लागते. लांब केबल ताणली जाते, आणि तेवढं डोकं पुढे जातं. शिवाय शेपटीत रडर आणि एलेव्हेटर या विमान वळवणाऱ्या आणि वर-खाली नेणाऱ्या पात्यांच्या केबल धावत असतात. हार्नेसची केबल त्यांना घासता कामा नये. ही तपासणी कंट्रोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवून, आत टॉर्च धरून करायची असते.

पट्टा कोणत्या कोनात येतो, हेही तितकंच महत्त्वाचं. खांद्यापासून मागे जाताना तो आडवा किंवा ३० अंशांपर्यंत वर चढत जावा, आणि खाली उतरलाच तर ५ अंशांहून जास्त नको. जमिनीला बांधून सीटच्या पाठीवरून आणलेला पट्टा दिसायला नीटनेटका, पण झटक्यात तो खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. बुटक्या पाठीच्या जुन्या सीटमध्ये ही चूक सहज होते.

पट्ट्यांचे प्रकार मग सोपे वाटतात. छातीवरून तिरका जाणारा एकच पट्टा, बकल कुशीला, ही सगळ्यात सुटसुटीत रचना. बाजूने धक्का आला तर मात्र धड त्यातून सुटू शकतं. दोन्ही खांद्यांवरून येणारा जोडपट्टा चांगला धरतो, पण तो पोटाच्या मध्यभागी जोडला असेल तर कमरेचा पट्टा वर खेचतो. पट्टा हाडावरून पोटावर सरकला की माणूस त्याखालून निसटतो. म्हणूनच कसरतींच्या विमानांत मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा असतो. विणलेली पट्टी पॉलिएस्टरची बरी, नायलॉन जास्त ताणतं.

न हलणारा, एका लांबीचा पट्टा हे जुन्या हार्नेसचं मोठं दुखणं होतं. घट्ट बांधला तर जमिनीजवळच्या फ्युएल सिलेक्टरपर्यंत, म्हणजे इंधनाची टाकी निवडायच्या खटक्यापर्यंत, हात पोचत नसे, म्हणून वैमानिक तो सैल करत, नाहीतर छताजवळच्या क्लिपमध्येच ठेवून देत. इनर्शिया रीलने हे दुखणं मिटवलं. एरवी पट्टा मोकळा फिरतो, झटका बसला की अडकतो. मोटारीची रील काढून विमानात लावायचा मोह होतो, पण अशा अनेक रीलमध्ये तिरकेपणा ओळखणारी गोळी असते, आणि वळणं घेणाऱ्या विमानात ती भलत्या वेळी पट्टा अडकवते. विमानाची रील पट्टीच्या झटक्यावर चालते.

बरीच वर्षं मालकांना पट्ट्याहून कागदांचा धसका होता. एखाद्या मॉडेलसाठी आधीच मंजूर झालेला संच मिळाला तर ठीक, नाहीतर फॉर्म ३३७ हा विमानातल्या मोठ्या बदलाचा सरकारी अर्ज भरून स्वतंत्र मंजुरीची वाट पाहायची. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने धोरणपत्र काढून एक मोठी अडचण दूर केली. जुन्या विमानात हार्नेस बसवताना मूळ सांगाड्याला भोक पाडायचं नसेल, वेल्डिंग करायचं नसेल, तर तो किरकोळ बदल मानता येतो. परवानाधारक मेकॅनिक बसवतो आणि लॉगबुकात नोंद करतो.

नोंद झाल्यावर मेकॅनिक मालकाला सीटवर बसवतो, दार बंद करतो आणि पट्टा घट्ट असताना सिलेक्टर, फ्लॅप्स आणि दाराची कडी यांच्यापर्यंत हात नेऊन दाखवायला सांगतो. मग मागून पट्टीला एक जोराचा हिसका देतो. रील तिथल्या तिथे अडकली पाहिजे.