‘आहे’ आणि ‘असतो’ यांच्यामधली उडी

दीड-दोन वर्षांचं मूल ‘भूभू’ हा शब्द शिकतं आणि पुढे काही काळ मांजर, शेळी, चित्रातला घोडा, चार पायांचं जे दिसेल ते भूभू होतं. जरा मोठं झालं की तेच मूल ‘मी करलं’ म्हणू लागतं. घरात कोणीच ‘करलं’ म्हणत नाही. ‘बसलं’, ‘धरलं’, ‘पडलं’ ऐकून त्यानं मनाशी एक नियम बांधलेला असतो, आणि ‘केलं’ हा शब्द त्या नियमाला जुमानत नाही, हे त्याला अजून कळलेलं नसतं. ही चूक कानावर पडली की मला फार आनंद होतो, कारण नुसती पोपटपंची करणारं मूल ती करूच शकत नाही.

जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं १९५८ साली हेच प्रयोगातून दाखवलं. तिनं मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं बनावट नाव सांगितलं, ‘वग’. मग तसेच दोन प्राणी दाखवले. चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी त्या शब्दाचं इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. जो शब्द जगात नव्हताच, त्याचं अनेकवचन त्यांना पाठ असणार कुठून?

तेव्हा थोड्या उदाहरणांवरून सगळ्यांसाठी नियम काढणं, म्हणजेच सामान्यीकरण, मुलांना शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते त्याच्या पुढचं. आपण आत्ता एक नियम काढला, हे ओळखणं. तो किती पाहून काढला आणि कुठवर चालेल, हे विचारणं.

यासाठी मराठीनं आपल्या हातात एक सुंदर साधन दिलंय. ‘हा कावळा काळा आहे’ आणि ‘कावळा काळा असतो’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. पहिलं वाक्य समोरच्या कावळ्याबद्दल आहे, डोळ्यांनी पडताळता येणारं. दुसरं वाक्य आपण कधीही न पाहिलेल्या, अजून अंड्यातून बाहेरही न आलेल्या कावळ्यांबद्दल बोलतं. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालतं. मराठीत ही उडी कानाला ऐकू येते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘सामान्य विधान’ ही संज्ञा सांगण्याची काहीच गरज नाही. ‘हे आहे-वाक्य की असतो-वाक्य?’ एवढं विचारलं तरी पुरे. ‘मांजर झोपलंय’ आणि ‘मांजरं खूप झोपतात’ यांतला फरकही याच खेळात येतो.

पण ‘असतो’ किंवा ‘असतात’ म्हणताना नेमके किती, हे आपण सांगतच नाही. ‘पक्षी उडतात’ या वाक्याला कोणी हरकत घेत नाही. पेंग्विन, शहामृग आणि किवी उडत नाहीत, तरीही. ‘पक्षी अंडी घालतात’ हे तर फक्त माद्यांबद्दल खरं आहे. ‘डासांमुळे मलेरिया होतो’ हे वाक्य त्याहून नवलाचं. डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या अ‍ॅनॉफिलीस गटातल्या काहीच जाती मलेरिया पसरवतात, त्यातही फक्त माद्या, आणि त्यांतल्याही ज्यांच्या अंगात मलेरियाचे परजीवी आहेत त्याच. तरी वाक्य खरं वाटतं, आणि सावध राहण्यासाठी उपयोगीही पडतं. सामान्य विधानाचा खरेपणा नुसत्या मोजणीवर ठरत नाही, हे मोठ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

म्हणूनच ‘सगळे’, ‘बहुतेक’, ‘काही’, ‘एकही नाही’ हे छोटे शब्द मुलांच्या हाती लवकर द्यावेत, आणि ते लगेच जमावेत अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी मुलांसमोर निळे गोल आणि त्यांच्याशेजारी निळे व लाल चौकोन मांडून विचारलं, ‘सगळे गोल निळे आहेत का?’ लहान मुलं म्हणत, नाही, निळे चौकोनपण आहेत ना! ‘सगळे गोल निळे’ आणि ‘निळे ते सगळे गोल’ यांची त्यांच्या मनात अदलाबदल होते. दोष बुद्धीचा नसतो. प्रश्नच अवघड असतो. अशा वेळी समजावून सांगण्यापेक्षा सगळे गोल वेगळे काढायला लावावेत आणि फक्त त्यांच्याकडे बघायला सांगावं.

‘शितावरून भाताची परीक्षा’ असं आपण म्हणतो. ही परीक्षा जमते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शिवाय शीत आपण निवडून घेत नाही, हाताला लागेल ते घेतो. या दुसऱ्या अटीची जाण फार लहानपणी असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंधरा महिन्यांच्या बाळांसमोर एका खोक्यातून तीन निळे चेंडू काढून दाबले. प्रत्येक चेंडू वाजला. मग बाळाच्या हाती पिवळा चेंडू दिला. खोक्यात निळेच चेंडू जास्त असतील तर बाळं पिवळाही दाबून पाहत. खोक्यात पिवळे जास्त असूनही तीनदा निळाच निघाला असेल, तर पिवळा दाबणारी बाळं कमी. म्हणजे हे चेंडू मुद्दाम निवडलेत, वाजणारे फक्त निळेच असावेत, असं काहीतरी त्यांनी ताडलेलं दिसतं. बोलताही न येणारी बाळं ही!

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते माणसांबद्दलच्या नियमांचं. २०१२ साली मानसशास्त्रज्ञ मार्जोरी ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चित्रपुस्तक तयार केलं. त्यात ‘झार्पी’ नावाच्या काल्पनिक लोकांची चित्रं होती. स्त्री-पुरुष, लहान-थोर, वेगवेगळ्या वर्णांचे. काही मुलांना वाचून दाखवलं, ‘हा झार्पी लेडीबग किड्यांना घाबरतो’. काहींना, ‘झार्पी लेडीबग किड्यांना घाबरतात’. चित्रं तीच, पानं तीच. दुसऱ्या गटातल्या चार वर्षांच्या मुलांना झार्पी ही जन्मानंच वेगळी जमात आहे आणि त्यांचे गुण उपजत आहेत, असं जास्त वाटू लागलं. फरक फक्त वाक्य एकाबद्दल की सगळ्यांबद्दल, एवढाच होता. ‘मुलगे रडत नाहीत’, ‘मुली हळव्या असतात’ अशी वाक्यं घराघरात रोज सहज बोलली जातात. ती ऐकणारं मूल नियम बांधायला टपूनच बसलेलं असतं, याचा मला घोर वाटतो.

कौतुकातही हेच घडतं, आणि इथे ‘आहे’ हा शब्दच फसवा ठरतो: वाक्य दिसतं आहे-वाक्यासारखं, पण अर्थ असतो-वाक्याचा. २००७ सालच्या एका अभ्यासात चार वर्षांच्या काही मुलांना ‘तू छान चित्रं काढणारा आहेस’ अशी शाबासकी मिळाली, तर काहींना ‘तू हे चित्र छान काढलंस’ अशी. पुढे चित्रात चूक झाली तेव्हा पहिल्या गटातली मुलं जास्त हिरमुसली. त्यांच्यासाठी तो एका चित्राचा प्रश्न उरला नव्हता.

नियम मोडला की तो फेकून द्यायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो. हंस पांढरेच असतात, असं युरोपात शतकानुशतकं मानलं जाई. १६९७ साली विलेम द व्लामिंग या डच दर्यावर्दीला पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले. तेव्हापासून ते वाक्य ‘बहुतेक जातींचे हंस पांढरे असतात’ असं म्हणावं लागतं. त्रिकोणाचं मात्र तसं नाही. चार बाजूंचा त्रिकोण शोधायला कोणत्याही बेटावर जायला नको, कारण तीन बाजू असतील त्यालाच आपण त्रिकोण म्हणतो. हा फरक सहा-सात वर्षांच्या मुलांना विचारून बघण्यासारखा आहे.

घरी करायला एक खेळ. अपारदर्शक पिशवीत पंधरा-वीस बटणं घाला, बहुतेक लाल, दोन-तीन निळी. मुलाला न बघता एकेक बटण काढू द्या आणि दर वेळी विचारा, ‘पिशवीत कोणती बटणं असतील? नक्की की बहुतेक?’ पहिल्याच बटणाला ‘सगळी लाल!’ असं उत्तर आलं तर येऊ द्या. निळं निघेल तेव्हा वाक्य कसं बदलायचं, हे त्यालाच ठरवू द्या. मग दुसरी पिशवी घ्या. या वेळी तुम्ही स्वतः उघडपणे आत डोकावून, निवडून, तीन लाल बटणं बाहेर काढा आणि तोच प्रश्न विचारा. ‘पण तू बघून काढलीस!’ असं मूल म्हणालं, तर पिशवी त्याच्या हातात द्या.