शिडाच्या होडीवर इंटरनेट कसं पोचलं

खुल्या समुद्रात यॉटवाल्यांना इंटरनेट हवं होतं ते मुळात एका कामासाठी, हवामानासाठी. वारा आणि हवेचा दाब यांचा तीन-चार दिवसांचा अंदाज 'ग्रिब' प्रकारच्या फायलीत येतो. हव्या तेवढ्याच चौकोनापुरती मागवली तर ही फाइल साधारण २० किलोबाइटची भरते. ती होडीपर्यंत यायला किती वेळ, किती वीज आणि किती पैसे पडतात, यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला बदल नीट मोजता येतो.

उपग्रह आधी मिळाला तो मोठ्या जहाजांना. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इनमारसॅटची सेवा १९८२ मध्ये सुरू झाली. तिचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. त्यांच्याकडे डिश सतत रोखून धरायला जायरोवर तोललेला घुमट लागे. मालवाहू जहाजाला हे जड नाही. पण बारा मीटर लांबीच्या, शिडाखाली वीस अंश कलून चालणाऱ्या होडीला वजन, वीज आणि किंमत, काहीच झेपणारं नव्हतं. १९९० च्या दशकात आलेल्या इनमारसॅट-सीचा अँटेना छोटा होता, पण वेग सेकंदाला ६०० बिट आणि बिल मजकुराच्या लांबीवर.

म्हणून होडीवरची पहिली ईमेल आली ती उपग्रहाविना, एचएफ म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवरून. सागरी एसएसबी संच, म्हणजे होडीवरचा असा रेडिओ, ४ ते २२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर सुमारे १५० वॉटने बोलतो आणि त्याचा संदेश आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होत हजारो किलोमीटर जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एससीएस कंपनीचा, संगणकातला मजकूर रेडिओवर चढवणारा पॅक्टर मोडेम या संचाला जोडता येऊ लागला. पहिल्या पॅक्टरचा वेग सेकंदाला जेमतेम २०० बिट. आपली २० किलोबाइटची फाइल त्यावर पाव तासात आली तरी नशीब. पॅक्टर-२ ने हे काम चार-पाच मिनिटांवर आणलं. पॅक्टर-३ चांगल्या स्थितीत सेकंदाला सुमारे २,७०० बिटपर्यंत जातो, म्हणजे एका मिनिटात फाइल हातात. चांगली स्थिती मात्र रोज नसते.

या मोडेमांभोवती दोन जाळी उभी राहिली. विनलिंक हे हौशी रेडिओवाल्यांचं: फुकट, पण हॅमचा परवाना हवा आणि धंद्याची पत्रं चालत नाहीत. सेलमेल ही यॉटमालकांनीच ना नफा तत्त्वावर चालवलेली संघटना. तिच्यामागे जिम कोरनमन आणि नामांकित नॅव्हिगेटर स्टॅन हनी. वर्षाची वर्गणी भरायची, व्यवसायाची ईमेल चालते, मात्र किनारी केंद्राशी आठवड्याला ९० मिनिटांपेक्षा जास्त जोडून राहायचं नाही, कारण एका वेळी एका वारंवारतेवर एकच होडी बोलू शकते. कोरनमन यांचंच सेलडॉक्स ही त्या काळातली सर्वांत हुशार सोय म्हणावी लागेल. वेबसाइट उघडायचीच नाही. एका ओळीची ईमेल पाठवायची. त्या ओळीत हवामान-मॉडेलचं नाव, चौकोनाच्या चार कडांचे अक्षांश-रेखांश, जाळीची घनता (उदाहरणार्थ दोन अंशांवर एक बिंदू), कोणकोणत्या तासांचा अंदाज हवा, आणि दाब-वारा एवढंच. उलट टपाली फाइल येते. घनता दोन अंशांवरून एकावर आणली की फाइल चौपट होते, आणि नवखे इथेच फसत.

एसएसबी बसवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात किचकट काम. अँटेना म्हणून बहुधा डोलकाठीला मागून ताणून धरणारी तारच वापरतात; तिच्या वर-खाली इन्सुलेटर घालून मधला तुकडा वेगळा काढायचा आणि खालच्या टोकाशी, शक्य तितक्या जवळ, तारेचा संचाशी मेळ घालणारा ऑटोमॅटिक ट्यूनर बसवायचा. एवढं केलं तरी अर्धंच झालं. तारेला जोडीदार म्हणून 'ग्राउंड' लागतं. फायबरग्लासच्या होडीत ते आपोआप मिळत नाही, म्हणून ट्यूनरपासून कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बोल्टपर्यंत किंवा पाण्याखालच्या ब्राँझच्या पाटीपर्यंत ७५ मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी न्यावी लागते. गोल वायर चालत नाही. या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागावरून वाहतो, तेव्हा रुंदी महत्त्वाची. बिल्जच्या (होडीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या जागेच्या) ओलीत ही पट्टी हिरवी पडून दोन-तीन वर्षांत तुटते. रेडिओ चालू दिसतो, पलीकडचं ऐकू येतं, फक्त आपलं कुणाला पोचत नाही. तक्रार मोडेमची होते, दोष पट्टीत असतो.

दुसरं दुखणं विजेचं. पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करताना संच १२ व्होल्टवर ३० अँपिअरपर्यंत ओढतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं, सिग्नल फाटतो आणि मोडेम माहितीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. तिसरं जरा गमतीचं: प्रक्षेपणाची ऊर्जा ऑटोपायलटच्या वायरिंगमध्ये शिरते आणि ईमेल पाठवताच होडी स्वतःहून भलतीकडे वळते. त्यावर फेराइटचे चाप आणि वायरी एकमेकींपासून लांब, एवढाच उपाय. उलट दिशेने फ्रिज, इन्व्हर्टर आणि स्वस्त एलईडी दिवे रेडिओत खरखर घालतात, म्हणून ईमेलच्या वेळी ते बंद. दिवसा १२ किंवा १६ मेगाहर्ट्झ, रात्री ४ किंवा ८, हे गणित हळूहळू अंगवळणी पडतं.

पॅक्टर-४ ने वेग आणखी दुप्पट केला, पण अमेरिकन हॅमना तो आपल्या पट्ट्यांवर वापरता येत नव्हता, कारण तिथले जुने नियम प्रति सेकंद चिन्हांची संख्या मर्यादित ठेवत. ती मर्यादा उठवायचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला. तोवर बहुतेकांनी मोडेम विकायला काढले होते.

मधल्या काळात इरिडियम हे उपग्रह-फोनचं जाळं आलं. १ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. सुमारे ५ अब्ज डॉलर ओतून उभी केलेली ६६ उपग्रहांची यंत्रणा २००० मध्ये अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकली गेली. अमेरिकी लष्कराने गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं नसतं तर ते उपग्रह खाली पाडून जाळण्याचंच ठरलं होतं. यॉटवाल्यांना या बुडालेल्या धंद्याचा फायदाच झाला: उपग्रह फक्त ७८० किलोमीटरवर, त्यामुळे हातातला फोन पुरतो, आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत कुठेही चालतो. वेग सेकंदाला २,४०० बिट. आपली फाइल सव्वा मिनिटात, अधिक जोडणीला अर्धं मिनिट. पण आता प्रत्येक मिनिटाचे पैसे. लॅपटॉप थेट जोडला की विंडोज आपले अपडेट ओढू लागे आणि बिल हवामानापेक्षा भयंकर येई. म्हणून फक्त ईमेल जाऊ देणारा फायरवॉल आणि मजकूर दाबून पाठवणारे प्रोग्राम ही त्या जोडणीची अटच होती. २०१४ च्या इरिडियम गो ने हेच वायफायवर आणलं. वेग तोच राहिला. नवे उपग्रह आल्यावर २०१९ पासून सर्टस सेवेने तो वाढवला.

कमी बिटांत किती काम होतं याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या होडीवर दक्षिण हिंदी महासागरात होते. २१ सप्टेंबरला होडी उलटीपालटी होऊन डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली. जागेवरून हलता येत नसताना त्यांचे संदेश गेले ते छोट्या टेक्स्ट उपकरणावरून. ते इरिडियमच्या ज्या सेवेवर चालतं, तिच्यात एका संदेशाची मर्यादा जेमतेम ३४० बाइट. तीन दिवसांनी फ्रेंच गस्ती जहाज 'ओसिरिस'ने त्यांना सोडवलं.

किनाऱ्याजवळचा इतिहास वेगळा आणि छोटा आहे. २०१० च्या आसपास बंदरातला वायफाय पकडायला बाहेरचा राउटर आणि उभा अँटेना डोलकाठीवर चढवायची पद्धत होती. राउटर खाली आणि लांब अँटेना-केबल म्हणजे कोअॅक्स वर, ही हमखास चूक. साध्या बारीक केबलमध्ये या वारंवारतेला मीटरमागे सुमारे एक डेसिबल सिग्नल वाया जातो. राउटरच वर न्यायचा आणि खाली इथरनेटची केबल आणायची. फार जास्त गेनचा (जोर एकवटणारा) अँटेनाही नको, त्याची शलाका सपाट असते आणि होडी डोलली की किनारा निसटतो. मग ४जी आलं. टॉवर १०० मीटरच्या टेकडीवर आणि अँटेना १५ मीटरच्या डोलकाठीवर असेल तर रेडिओ-क्षितिज सुमारे ५७ किलोमीटर. जुन्या २जीला मात्र उंची कितीही असली तरी ३५ किलोमीटरची भिंत होती, कारण सिग्नलच्या येण्याजाण्याच्या वेळेची भरपाई तेवढ्यापुरतीच करता येई. कोकणात टॉवर डोंगरावर असतात, त्याचा फायदा मच्छीमार रोज घेतात.

स्पेसएक्सचं उपग्रह-इंटरनेट स्टारलिंक २०२२ मध्ये समुद्रात उतरलं. जुलैत जाहीर झालेली सागरी योजना महिन्याला ५,००० डॉलरची, दोन डिशना १०,००० डॉलर वेगळे. म्हणून सामान्य यॉटवाल्यांनी गाड्यांसाठीची स्वस्त योजना घेतली आणि नांगरावर वापरली. सुरुवातीच्या डिशमध्ये मोटर होत्या, होडीवर त्या उगाच फिरत राहत. लोकांनी डिश उघडून त्या काढल्या. उपग्रहांमध्ये लेझरचे दुवे सुरू झाल्यावर जवळ भूस्थानक नसलेला भरसमुद्रही आवाक्यात आला. फाइलचा वेळ मोजण्यात आता अर्थ नाही.

मोजायची ती वीज. साधारण ६० वॉटची डिश दिवसरात्र ठेवली तर १,४४० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर १२० अँपिअर-तास. अनेक होड्यांवर हा फ्रिजपेक्षा मोठा खर्च. २०२४ ची मिनी डिश त्याच्या निम्म्यात भागवते आणि थेट डीसीवर चालते. पण १२ व्होल्ट ही तिची किमान मर्यादा आहे. बॅटरी उतरलेली, वायर लांब, की ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते. मध्ये २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घातला की तक्रार थांबते. डिश मागच्या कमानीवर सपाट बसवावी. डोलकाठी आणि बूम (शिडाखालची आडवी काठी) आड आले तरी काही सेकंदच तुटतं.

भारतीय पाण्यात मात्र अडचण तंत्राची नाही. २६/११ च्या हल्लेखोरांनी थुराया उपग्रह-फोन वापरले. त्यानंतर थुराया आणि इरिडियमवर जहाजांसाठीही बंदी आली. परवानगीचा रस्ता बीएसएनएलमार्फतच्या इनमारसॅटचा. गिर्यारोहकांकडचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं इनरीचसुद्धा याच नियमात येतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर परदेशी पाहुण्यांवर त्यावरून गुन्हे दाखल झाले. त्याच्या आधीच्या महिन्यात अंदमानजवळ तटरक्षक दलाने अमली पदार्थांनी भरलेली बोट पकडली, तिच्यावर स्टारलिंक सापडलं. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, पण परदेशात घेतलेली डिश त्याने इथे कायदेशीर होत नाही. मुंबई, गोवा किंवा कोचीला येणाऱ्या यॉटने अशी उपकरणं कस्टम्सला जाहीर करावीत आणि बंद ठेवावीत. मच्छीमारांसाठी सरकारने वेगळी वाट काढली: ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झालेल्या योजनेत एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. त्यांवर दोन्ही बाजूंनी छोटे मजकूर जातात, इंटरनेट नाही.

एसएसबी संच मात्र जुन्या होड्यांवरून काढायची घाई करू नये. एकाने बोललेलं एकाच वेळी वीस होड्यांना ऐकू जातं, महिन्याचं बिल नाही, आणि कुठल्या कंपनीने योजना बदलली म्हणून तो बंद पडत नाही. फक्त ती तांब्याची पट्टी दर मोसमाला तपासावी.