वहिवाट: फ्रान्सच्या खेड्यांतून दिवसभराच्या फेरीमागे

फ्रान्समधल्या कितीतरी खेड्यांत चर्चसमोरच्या चौकात किंवा मेरीच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायत कार्यालयाच्या, भिंतीशी एक फलक उभा असतो. त्यावर आजूबाजूच्या शिवाराचा नकाशा आणि त्यात एक रंगीत रेघ. गावातून निघायचं, दोन-तीन वाड्या-वस्त्या पार करायच्या, जंगलात शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच चौकात यायचं. पंधरा-वीस किलोमीटर, पाच-सहा तास. वाटेवर झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर किंवा दगडी गडग्यावर छोटा पिवळा पट्टा दिसत राहतो. तिकीट लागत नाही, वाटाड्या लागत नाही, कुणाची परवानगीही काढावी लागत नाही.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, हे सगळं पूर्वापार असंच असणार. वाटा जुन्या आहेतच. पण त्या आज चालायला मोकळ्या आहेत, त्यांचं एकमेकींशी वर्तुळ जुळतं आणि चुकल्यावर परत कुठे वळायचं ते कळतं, यासाठी माणसांनी जवळजवळ दोनशे वर्षं खटपट केली आहे. ही खटपट अजून संपलेली नाही, म्हणून तिचा इतिहास सांगावासा वाटतो.

आधी वाटांविषयी. आजच्या फेरीत पायाखाली येणारा जवळजवळ प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी रोजच्या कामासाठी पडलेला आहे. वस्तीवरून चर्चला जाणारी वाट, गिरणीची वाट, कुरणाकडे गुरं नेण्याची वाट, जंगलातून सरपण आणण्याची वाट. राज्यक्रांतीपूर्वी अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, असा दंडक होता. त्यामुळे गिरणीकडे जाणाऱ्या वाटा पक्क्या झाल्या. सामायिक जंगलातून घरटी सरपण मिळण्याचा गावकऱ्यांचा हक्क तर काही भागांत आजही चालू आहे. १८५१ मध्ये धुण्याच्या सार्वजनिक जागा बांधायला सरकारी अनुदान देणारा कायदा झाला आणि गावोगावी ओढ्याकाठी छप्पर घातलेले दगडी धोबीघाट उभे राहिले. पायी फिरणारे आज तिथे शिदोरी सोडतात. काठाच्या उतरत्या, गुळगुळीत दगडाकडे जरा थांबून पाहावं. बायकांनी गुडघे टेकून वर्षानुवर्षं त्याच जागी कपडे घासले आहेत.

१७८९ च्या अखेरीस जुन्या चर्च-हद्दींवरूनच कम्यून, म्हणजे कारभाराचे सर्वात लहान, गावपातळीवरचे घटक, तयार झाले आणि गावाला स्वतःचा मेयर मिळाला. फ्रान्समध्ये आजही जवळपास ३५,००० कम्यून आहेत, त्यातले बरेचसे काही शे वस्तीचे. पुढे नेपोलियनने १८०७ च्या कायद्याने देशभर जमिनीची मोजणी सुरू केली. ते काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. त्या नकाशांत शेताच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, पण दोन शेतांमधून जाणारी पाणंद मात्र बिनक्रमांकाची पांढरी पट्टी म्हणून दाखवलेली असते. ही पांढरी पट्टी पुढे फार कामाची ठरली.

१८३६ च्या कायद्याने गावरस्त्यांची दोन गटांत वाटणी होऊ लागली. महत्त्वाचे म्हणून मान्य झालेले रस्ते कम्यूनने राखायचे आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम किंवा त्याबदली पैसे घ्यायचे. या रस्त्यांवर आधी खडी आली, नंतर डांबर, नंतर मोटारी. जे या यादीत बसले नाहीत, ते मागे राहिले. १८८१ च्या कायद्याने त्यांना ग्रामीण वाटा म्हणून ओळख दिली, पण त्यांच्या डागडुजीची सक्ती कम्यूनवर केली नाही. आजचा पदयात्री चालतो तो मुख्यतः या मागे राहिलेल्या वाटांवर. सुधारणेने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्याच वाटा चालण्याजोग्या उरल्या.

जंगलाची गोष्ट वेगळी आहे. पॅरिसभोवतालच्या मोठ्या जंगलांत एका ठिकाणाहून सहा-आठ सरळसोट रस्ते किरणांसारखे फुटलेले दिसतात. हे रस्ते राजाच्या शिकारीसाठी आखलेले आहेत: कुत्र्यांचा ताफा हरणामागे सुटला, की चौकात उभ्या असलेल्या मंडळींना कुठल्याही दिशेला झटकन पाहता यावं आणि घोडा फेकता यावा, म्हणून. लाकडाच्या दृष्टीने याच जंगलांना शिस्त लावली ती चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने, १६६९ च्या आदेशाने. आरमाराला ओकचं लाकूड हवं होतं. क्रांतीनंतर राजाची जंगलं राष्ट्राची झाली आणि १९६० च्या दशकात त्यांचा कारभार राष्ट्रीय वनसंस्थेकडे आला. सामान्य माणसाला या सरकारी जंगलांत मोकळेपणी फिरता येतं ते या मालकीबदलामुळे. कोंपिएन्यच्या जंगलात चौकाचौकांत पांढरे खांब आहेत आणि प्रत्येकाच्या एका बाजूला लाल खूण आहे. ती राजवाड्याची दिशा दाखवते. तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारातलं कुणीतरी जंगलात वाट चुकलं, म्हणून ती खूण करवली, असं सांगतात.

पण केवळ आनंदासाठी, कुठेही न पोहोचता, निघालो तिथेच परत यायचं म्हणून चालणं ही कल्पना ज्याने जमिनीवर उतरवली, तो ना राजा होता ना वनाधिकारी. क्लोद-फ्रांस्वा दनकूर (१७८८–१८७५) हा नेपोलियनच्या फौजेतला जखमी झालेला शिपाई. शाळा फारशी झालेली नाही. फोन्तेनब्लोला लष्करी बराकीवर द्वारपालाची नोकरी होती, तीही राजकीय मतांपायी गेली. गावाला लागून सुमारे १७,००० हेक्टरांचं जंगल. वाळूच्या जमिनीवर हत्तीएवढे वालुकाश्म, ओकची म्हातारी झाडं, अरुंद घळी. लोक तिथे येत, पण राजमार्गावरून घोडागाडीत बसून पाहून जात. दनकूर एकटा आत भटकू लागला. त्याने आधी मार्गदर्शिका छापल्या आणि १८४२ पासून पायवाटा आखायला सुरुवात केली.

त्याच्या वाटा नीट पाहिल्या, तर हा माणूस किती बारकाईने विचार करत होता ते कळतं. त्या सरळ जातच नाहीत. दोन खडकांच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं, मग थोडी चढण, मग अचानक दरी उघडते. दगड सरकवून त्याने गुहा केल्या, पायऱ्या बसवल्या, झरे बांधून काढले, झाडांना आणि खडकांना नावं दिली. आणि चालणाऱ्याने वाट चुकू नये म्हणून खडकांवर, बुंध्यांवर निळे बाण रंगवले. आजूबाजूच्या मजुरांना कामाला लावून, स्वतःची पुंजी घालून, वनखात्याची फारशी वाट न पाहता हे काम चाललं. त्याच्या हयातीत सुमारे दीडशे किलोमीटर वाटा तयार झाल्या. जगातल्या पहिल्या खुणा केलेल्या पायवाटा म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

१८४९ मध्ये पॅरिसहून फोन्तेनब्लोपर्यंत आगगाडी आली, आणि या वाटांचं नशीब फळफळलं. सकाळच्या गाडीने यायचं, दिवसभर जंगलात फिरायचं, संध्याकाळच्या गाडीने घरी. दनकूरने स्टेशनला सोयीच्या अशाच फेऱ्या आखून दिल्या. दिवसभराची गोल फेरी हा प्रकार माझ्या मते इथे जन्मला. त्याच्या मागून शार्ल कोलिने याने खुणा जपल्या आणि वाटा वाढवल्या. १९०७ मध्ये स्थापन झालेली जंगलमित्रांची संघटना आजही त्या राखते.

त्याच काळात जंगलाच्या कडेच्या बार्बिझों गावात चित्रकार येऊन राहिले होते. तेओदोर रूसो, झाँ-फ्रांस्वा मिये ही त्यातली मोठी नावं. वनखातं ओक तोडून झपाट्याने वाढणारे पाईन लावत होतं, त्यावर या मंडळींचा भारी राग. रूसोने थेट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत दाद मागितली. १८६१ मध्ये हजार हेक्टरांहून अधिक जंगल कलेसाठी राखीव ठरलं, अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान होण्याच्या ११ वर्षं आधी. निसर्ग त्याच्या देखणेपणासाठी राखायचा, हे एखाद्या सरकारने मान्य करण्याचं हे फार जुनं उदाहरण.

तरीही पायी भटकणं बराच काळ शहरी, सुखवस्तू लोकांपुरतंच राहिलं. १८९० मध्ये सायकलवाल्यांनी तूरिंग क्लब द फ्रान्स काढला. पुढे त्याने पायी फिरणाऱ्यांसाठीही काम केलं. खरा फरक पडला १९३६ च्या जूनमध्ये. पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा लागू केला. लेओ लाग्रांझ या तरुण मंत्र्याने कामगारांना सवलतीचं रेल्वे तिकीट मिळवून दिलं. पहिल्यांदाच कारखान्यातल्या माणसाला सुटी म्हणजे मोकळा वेळ आणि पाठीवरची पिशवी असा अर्थ कळला.

महायुद्ध संपल्यावर झाँ लुआझो या जुन्या भटक्याने अनेक वर्षं मनात धरलेली कल्पना पुढे नेली: देशभर सलग, एकाच पद्धतीने खुणा केलेल्या लांब वाटांचं जाळं. ऑगस्ट १९४७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली, आणि त्याच महिन्यात ओर्लेआं ते बोझान्सी हा ल्वार नदीकाठचा पहिला टप्पा खुला झाला. वर पांढरा पट्टा, खाली लाल पट्टा, ही खूण तेव्हापासूनची. १९७८ मध्ये त्या समितीचा फ्रेंच पदभ्रमण महासंघ झाला. आज त्याच्या देखरेखीखाली सुमारे १,८०,००० किलोमीटर वाटा आहेत. लांब वाटांना पांढरा-लाल, एखाद्या प्रदेशाभोवती फिरणाऱ्यांना पिवळा-लाल आणि एका दिवसाच्या फेऱ्यांना नुसता पिवळा.

हे पट्टे रंगवणारे हजारो लोक स्वयंसेवक आहेत. त्यातले पुष्कळसे निवृत्त. खूण करण्याआधी बुंध्यावरचं शेवाळ आणि सैल साल खरवडायची, तारेच्या ब्रशने जागा साफ करायची, मग साचा धरून रंग लावायचा. पट्टा साधारण १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद, डोळ्यांच्या उंचीवर. फुली दिसली की या वाटेने जायचं नाही. वळण असेल तर वाकडी खूण. पाऊस, शेवाळ आणि वाढणारी साल खूण पुसत राहतात, म्हणून दर काही वर्षांनी पुन्हा रंग. एक बुंधा तोडला गेला तरी अनोळखी माणूस पुढच्या फाट्यावर फसू शकतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आणि ज्या काळात हे जाळं वाढत होतं, त्याच काळात त्याच्या पायाखालची जमीन जात होती. १९४१ च्या कायद्याने आणि विशेषतः युद्धानंतर, शेतीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची मोहीम चालली. ट्रॅक्टरला मोठं शेत हवं. बुलडोझर लागले, लाखो किलोमीटर कुंपणझाडी गेली, बांध गेले, आणि त्यांच्यामधल्या पाणंदी नांगराखाली आल्या. गावातली तरुण मंडळी शहरात गेली होती. गिरणी बंद, धोबीघाट ओस, गुरं ट्रकमधून जाऊ लागली. वाट हवी असं म्हणायला गावात कुणी उरलं नव्हतं. त्या मोहिमेने शेतीचं उत्पन्न वाढवलं हे खरं आहे, पण तिने खेड्याची जी मोडतोड केली ती भरून निघालेली नाही.

इथे कायद्याचा एक पेच समजून घ्यायला हवा. ग्रामीण वाट ही कम्यूनची खाजगी मालमत्ता मानली जाते. लोकांची ये-जा चालू असेल तर ती सार्वजनिक वापरात आहे असं गृहीत धरतात. वापर थांबला, तर कम्यूनला रीतसर चौकशी करून ती विकता येते. शिवाय शेजारच्या शेतकऱ्याने ती ३० वर्षं उघडपणे कसली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ती त्याची होऊ शकते. म्हणजे कुणी चाललंच नाही, तर वाट कायद्यानेही मरते. रविवारी गटाने फेरीला निघणारी माणसं त्यामुळे नकळत पुरावा तयार करत असतात.

१९८३ मध्ये यावर एक उतारा आला. सत्तेच्या विकेंद्रीकरणात प्रत्येक देपार्तमांवर, म्हणजे जिल्ह्यावर, चालण्याच्या मार्गांची यादी करण्याची जबाबदारी आली. गावाच्या ठरावाने ग्रामीण वाट त्या यादीत गेली, की पर्यायी मार्ग दिल्याशिवाय ती विकता येत नाही. विकली तर व्यवहार रद्दबातल. लहान लहान कम्यूनना त्यात फायदाही दिसला: पायी येणारा माणूस गावच्या बेकरीत पाव घेतो, कॅफेत बसतो. खेड्याखेड्यांतल्या पिवळ्या पट्ट्यांना या कायद्याने मोठा आधार दिला.

अलीकडे दोन्ही बाजूंनी ताण वाढला आहे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात शिकारीचा हंगाम असतो. शिकारीचा हक्क ही क्रांतीने सरदारांकडून काढून घेतलेली मक्तेदारी, त्यामुळे गावात तिच्याविषयी भावना तीव्र असतात. रानडुकरांचा हाका चालू असल्याचा फलक दिसला, तर फेरी बदललेली बरी. सोलोन्यच्या जंगलात मालकांनी मैलोगणिक उंच जाळ्या ठोकल्या होत्या, त्यांच्यामुळे प्राण्यांचीही कोंडी झाली. २०२३ च्या कायद्याने अशा जाळ्यांवर बंधन आणलं, पण त्याच कायद्याने खाजगी म्हणून स्पष्ट फलक लावलेल्या रानात शिरणं दंडाला पात्र ठरवलं. प्राण्यांना वाट मिळाली आणि माणसाची अडली. डोंगराळ भागातल्या भटक्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आहे, आणि तो योग्यच आहे असं मला वाटतं.

त्याआधी, २०२२ मध्ये, वाटांच्या बाजूने एक तरतूद झाली. कम्यूनने आपल्या ग्रामीण वाटांची गणना करायचा ठराव केला, की ती गणना चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं, शेजाऱ्याच्या ३० वर्षांच्या वहिवाटीचं घड्याळ थांबतं. म्हणून सध्या अनेक ठिकाणी स्थानिक संघटनांचे लोक नेपोलियनकालीन मोजणीच्या प्रती घेऊन शिवारात उतरत आहेत. पांढरी पट्टी जिथे आजच्या मक्याच्या शेतात गडप होते, तिथे टिपण करायचं, फोटो घ्यायचा आणि ते मेरीत नेऊन द्यायचं. पुढचा ठराव गावाच्या सभेत व्हायचा असतो.