राखाडी विंचेस्टर की चकचकीत विंचेस्टर?

टेबलावर दोन विंचेस्टर मॉडेल १८७३ रायफली आहेत असं समजा. पहिलीच्या नळीवर निळ्या झिलईचा मागमूस नाही. सगळं लोखंड तपकिरी-राखाडी, लाकडी दस्ता हाताच्या तेलाने काळवंडलेला. दुसरी काळीभोर, आरशासारखी लखलखीत, दस्त्यावर ताजं वार्निश. बहुतेकांचा हात आपसूक दुसरीकडे जाईल. मुरलेला संग्राहक मात्र पहिली उचलतो.

यात विक्षिप्तपणा काही नाही. ‘चांगल्या स्थितीतली’ आणि ‘मूळ स्थितीतली’ हे आपण एकच धरून चालतो, तिथे गफलत होते. दुसरी रायफल चांगल्या स्थितीत दिसते, पण तिचं ते रूप नंतर कुणीतरी चढवलेलं आहे. पहिलीवर जे आहे ते तिच्या वापरातून आलेलं आहे.

अमेरिकेत अशा बंदुकांची प्रत ठरवताना नॅशनल रायफल असोसिएशनचे निकष वापरतात. त्यात जुन्या, म्हणजे अँटिक, बंदुकांसाठी वेगळी मोजपट्टी आहे. मूळ झिलई ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर ‘एक्सलंट’, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर ‘फाइन’. त्याखालची पायरी ‘व्हेरी गुड’. इथे झिलई शून्य ते ३० टक्के असली तरी चालते, मात्र धातू गुळगुळीत, कडा धारदार आणि अक्षरं स्वच्छ हवीत. पुन्हा ब्लूइंग (म्हणजे निळी-काळी झिलई) केलेली, नव्याने पॉलिश मारलेला दस्ता असलेली बंदूक थेट त्याच्याही खाली, ‘गुड’मध्ये जाते. म्हणजे आपली राखाडी रायफल शून्य टक्के झिलईवर त्या लखलखीत बहिणीच्या एक पायरी वर बसते. पहिल्यांदा वाचताना ही छपाईची चूक वाटते. चूक नाही.

मग नंतर चढवलेलं रूप ओळखायचं कसं? सुरुवात खड्ड्यांपासून करावी. गंजाने लोखंडाला बारीक खळगे पडतात. भिंग लावून खळग्याच्या तळाशी बघा. तळातही एकसारखी निळी-काळी झिलई असेल तर गंज आधी आणि ब्लूइंग नंतर, हे सरळ आहे. कारखान्यातून खळगे असलेली रायफल बाहेर पडत नाही.

मॉडेल १८७३ मध्ये आणखी एक सोयीची जागा आहे. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या चौकटीच्या, दोन्ही बाजूंना सुट्या होणाऱ्या पट्ट्या असतात. कारखान्यात त्या इतक्या घट्ट बसवलेल्या असत की सांधा शोधावा लागतो. पॉलिशच्या चाकावर रिसीव्हर धरला की त्या सांध्याच्या कडा गोलावतात आणि पट्टीभोवती ठळक रेघ दिसायला लागते. स्क्रूच्या भोकांचंही तसंच. चाक भोकाच्या काठावर जास्त खातं, त्यामुळे भोकाभोवती बशीसारखी खोलगट जागा तयार होते. नळीवरचा ‘किंग्ज इम्प्रूव्हमेंट’चा पेटंट मजकूर वाचा. अक्षरं एका बाजूला ओढल्यासारखी दिसत असतील, काही रेघा पुसट असतील तर चाक तिथूनही फिरलं आहे.

लाकूड तर अजून लवकर चुगली करतं. कारखान्यात दस्ता धातूपेक्षा किंचित उंच ठेवत. सँडपेपर मारला की लाकूड खाली जातं आणि धातूची कड बोटाला लागते. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी कळतं.

रंगाच्या काही खुणा पक्क्या आहेत. नेहमीच्या मॉडेल १८७३ वर घोडा, म्हणजे हॅमर, आणि खालचा लिव्हर हे केस-हार्डन केलेले, म्हणजे तापवून वरचा थर कडक केलेले असत, निळे नव्हे. हॅमर नळीसारखाच काळा दिसला की शंका घ्यावी. गरम क्षारांच्या द्रावणातलं ब्लूइंग प्रचारात आलं ते १९३० च्या दशकात. त्याची ती काळी, ओली झळाळी १८८० च्या रायफलीवर कारखान्यातून येणं शक्यच नाही. केस-हार्डनिंगचे निळे, पिवळसर, तपकिरी ढग उजेडाने आणि हाताळण्याने विरतात. ते शिल्लक राहतात फक्त आडोशाला. उघड्या बाजूवर ढग ताजे आणि आडोशाला काहीच नाही, असं दिसलं तर ते गॅसच्या ज्योतीने उमटवलेले असू शकतात.

नळीवर अंडाकृतीत ‘डब्ल्यूपी’ अशी खूण दिसली तर तारीख तपासा. विंचेस्टरने ही चाचणीची खूण १९०५ मध्ये सुरू केली. १८८२ च्या रायफलीवर ती असेल तर नळी नंतर बदलली आहे किंवा रायफल कामासाठी कारखान्यात परत गेली होती.

झीज कुठे आहे, हेही बघायचं. माणूस रायफल हातात घेऊन चालतो तेव्हा ती रिसीव्हरच्या खाली, तोल साधतो तिथे धरतो. तिथली झिलई आधी जाते. खोगिराला लटकवलेल्या म्यानात रायफल घासते ती नळीच्या टोकाला. झीज अशा जागी असेल तर पटते. सगळीकडे सारखीच असेल तर नाही.

इथे एक तिसरा प्रकार मध्येच घुसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त फसवतो. तो म्हणजे घासून राखाडी केलेली रायफल. कुणीतरी स्टील वूल घेऊन गंज काढतो, सोबत शंभर वर्षांचा पॅटिनाही, म्हणजे वयाने चढलेला रंगाचा थरही, जातो. लोखंड रुपेरी दिसतं, खळग्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात. लांबून ती आपल्या पहिल्या रायफलीसारखीच. पण खरा पॅटिना तपकिरी असतो, कोपऱ्यांत गडद होत जातो आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर सलग उतरतो. रिसीव्हर राखाडी आणि स्क्रू मात्र निळेशार, खाचा कुरतडलेल्या, असं असेल तर रायफल कुणीतरी खोलली आहे.

जुन्या बंदुकीला ‘काही करू नका’ हा सल्ला किती गंभीरपणे घेतात, त्याचं उदाहरण नेवाडातलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली मॉडेल १८७३ सापडली. क्रमांकावरून ती १८८२ ची निघाली. दस्त्याला चिरा, लाकूड उन्हा-बर्फाने पांढुरकं. वायोमिंगच्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये ती नेली तेव्हा एक्स-रेत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस दिसलं. संग्रहालयाने तिचं लाकूड सुटून पडू नये इतकंच केलं. चिरा बुजवल्या नाहीत, गंज उतरवला नाही.

स्थितीचा हिशेब झाला तरी संग्रहमूल्याचा वेगळा राहतो. मॉडेल १८७३ सात लाखांहून जास्त बनल्या, म्हणून साधी रायफल जुनी असूनही दुर्मिळ नसते. खास अचूक नळीच्या ‘वन ऑफ वन थाउजंड’ दर्जाच्या दीडशेदेखील बनल्या नाहीत, आणि नळीवर तो मजकूर नंतर कोरून घेणारेही निघाले. म्हणून विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्यांवरून कोडीचं संग्रहालय देतं ते पत्र महत्त्वाचं. त्यात क्रमांकानुसार रायफल कोणत्या रूपात बाहेर पडली ते असतं. सगळ्या क्रमांकांच्या नोंदी मात्र शिल्लक नाहीत. उदाहरणार्थ, नंतरच्या मॉडेल १८९४ च्या साधारण पहिल्या साडेतीन लाखांपर्यंतच मिळतात. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात अँटिक ठरते, तेव्हा क्रमांकावरून साल काढणं त्यासाठीही लागतं. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात.

चकचकीत रायफल अगदीच टाकाऊ नाही. जी चालवायची आहे, तिच्या नळीचा आतला भाग स्वच्छ असेल आणि पैसे पुन्हा रंगवलेल्या बंदुकीचेच मागितले असतील, तर घ्यावी. फक्त या रायफली बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी बांधलेल्या आहेत. जाणत्या बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय त्यात आजचं जोरदार काडतूस घालू नये.